नव्या बेंड पाईपची गळती नट आवळून थांबत नाही

इंजिनाचा धूर सायलेन्सरकडे नेणारा बेंड पाईप कंपनीचा सोडून बाहेरचा बसवला, गाडी चालू केली आणि हेडपाशी, म्हणजे इंजिनाच्या डोक्याशी, टिकटिक ऐकू आली, की हात आपोआप पान्याकडे जातो. नट अजून पाव फेरा, मग अजून पाव फेरा. माझ्या गॅरेजात अशी गाडी येते तेव्हा निम्मं काम पाईपचं असतं आणि निम्मं त्या पाव पाव फेऱ्यांनी ताणलेल्या स्टडचं, म्हणजे हेडमधून बाहेर आलेल्या आट्यांच्या दांड्यांचं. म्हणून सुरुवातीलाच सांगतो, पाईप हेडच्या तोंडावर सरळ आणि बिनजबरदस्तीचा बसला असेल तर तो बेताच्या आवळण्यावरही गळत नाही. वाकडा बसला असेल तर कितीही आवळा, गळणारच.

मी कोल्हापुरात जास्त करून एनफिल्डचं काम करतो. युसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेल्या) इंजिनच्या क्लासिक, नव्या ३५०, आणि ६५०च्या दोन सिलिंडरवाल्या इंटरसेप्टर. उदाहरणं तिथलीच देतोय, पण हेडमधून दोन स्टड बाहेर आलेत आणि त्यावर फ्लँज (पाईप हेडला दाबून धरणारी भोकांची जाड पट्टी) बसतो, अशा कुठल्याही गाडीला हे लागू आहे. लोखंडी बोअरच्या जुन्या बुलेटचं गणित वेगळं. तिथे फ्लँजच नाही, पाईप पोर्टात, म्हणजे हेडमधल्या धूर बाहेर पडायच्या भोकात, नुसता दाबून बसवलेला असतो. ते तोंड झिजून ढिलं झालं की लेथवर मापाची बुशिंग करून घालणं हाच टिकाऊ इलाज.

आधी गळतं कुठून ते शोधा

टिकटिक म्हणजे गळतीच, असं धरून चालू नका. युसीई इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आहेत, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे, आत ऑईल भरून चालणारे भाग. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू केली की त्यांच्यात ऑईल भरेपर्यंत थोडा वेळ तेही वाजतात. गळतीचा आवाज थंड इंजिनात जास्त असतो, गाडीवर जोर आला की वाढतो आणि धातू तापून फुगला की कमी होतो, कधी बंदही होतो. तापल्यावर आवाज गेला म्हणजे दुखणं गेलं असं नाही, सकाळी ते परत हजर असतं.

हातभर लांब रबरी नळी घ्या. एक टोक कानापाशी धरा, दुसरं जॉईंटभोवती हळूहळू फिरवा. पाईपला टेकवू नका. गळतीच्या जागी नळी आली की बारीक टिकटिकीची एकदम टोकदार ‘फट् फट्’ होते. उदबत्तीही चांगली. हवा नसलेल्या जागी, इंजिन आयडलिंगवर, उदबत्तीचं टोक जॉईंटपासून बोटभर लांब धरा. गळती असेल तिथे धूर ठोक्याठोक्याला बाजूला उडतो. पेट्रोलचा पाईप किंवा कार्ब्युरेटर ओला दिसत असेल तर मात्र उदबत्ती लावूच नका. आणि हे सगळं शटर उघडं ठेवून करा. धुरातला कार्बन मोनॉक्साईड ना दिसतो ना वास देतो.

सगळ्यात खात्रीची परीक्षा इंजिन बंद आणि पूर्ण थंड असताना होते. व्हॅक्यूम क्लीनरची हवा बाहेर फेकणारी बाजू किंवा ब्लोअर सायलेन्सरच्या शेपटाला फडकं गुंडाळून लावा. दोन सायलेन्सर असतील तर दुसऱ्याचं तोंड फडक्यानं बंद करा. मग भांड्याच्या साबणाचं पाणी ब्रशनं प्रत्येक जॉईंटला आणि प्रत्येक वेल्डिंगला लावा. जिथे फेस येत राहतो ती जागा खडूनं खूण करून ठेवा. एकच जागा सापडली म्हणून थांबू नका, पूर्ण पाईप फिरा. हेडची गळती बंद केल्यावर मागच्या क्लॅम्पची ऐकू येऊ लागते, असं बऱ्याचदा होतं.

वेल्डिंगच्या कडेला केसासारखी चीर असल्याचा संशय असेल तर जुनी रॉकेल-खडूची पद्धत अजूनही चालते. पाईप उतरवून थंड असताना आतून रॉकेल लावा, बाहेरून कोरडं पुसून खडूची पूड चोळा आणि वाट बघा. चीर असेल तर पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटते. नंतर पाईप आतबाहेर स्वच्छ पुसून पूर्ण वाळवा.

थ्रॉटल सोडल्यावर फटाके वाजतात, त्याचाही इथे संबंध आहे. एक्झॉस्टचा प्रवाह सलग नसतो, तो धक्क्याधक्क्यानं येतो आणि दोन धक्क्यांच्या मधे पाईपमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो. त्या क्षणी गळकं तोंड बाहेरची हवा आत ओढतं. आत न जळलेलं पेट्रोल असतं, तापलेला पाईप असतो आणि आता हवाही मिळाली. फटाका तिथे होतो. पण मोकळ्या सायलेन्सरला गळती नसतानाही थोडे फटाके वाजतात, म्हणून नुसत्या फटाक्यांवरून निदान करू नका.

उतरवल्यावर पॅकिंग आधी बघा

पाईप उतरवला की जुनं पॅकिंग (पाईप आणि हेडच्या मधली रिंग) लगेच फेकून देतात. तसं करू नका, उजेडात धरून नीट बघा. कुठल्या बाजूला दाबलं गेलं, कुठल्या बाजूला नाही, हे सगळं त्याच्यावर उमटलेलं असतं. चांगल्या बसलेल्या पाईपचं पॅकिंग सगळीकडून सारखं चपटं आणि चकचकीत असतं. एका बाजूला चकचकीत आणि दुसऱ्या बाजूला काळी काजळी असेल तर पाईप तिरका बसला होता. सगळीकडूनच काजळी असेल तर पॅकिंगचं माप चुकलं आहे किंवा नट आवळल्यासारखे वाटले तरी फ्लँजचा दाब पॅकिंगपर्यंत पोचलाच नाही.

मग पोर्टात टॉर्च मारून बघा. जुनं पॅकिंग आत राहून गेलेलं असतं. वर्षानुवर्षांच्या काजळीनं ते हेडच्याच रंगाचं होतं आणि हेडचाच भाग वाटतं. त्याच्यावर नवं पॅकिंग चढवलं की दोन पॅकिंग झाली, पाईप तेवढा बाहेर आला आणि मागची भोकंही जुळेनाशी झाली. टोकदार स्क्राईबरनं कड उचलून ते हळूच काढायचं. हेड ॲल्युमिनियमचं आहे, स्क्रू ड्रायव्हरनं ठोकून काढाल तर बैठकीवर चरा पडेल आणि तो चरा पुढे कायम गळत राहील.

गडहिंग्लजहून एक मुलगा इंटरसेप्टर घेऊन आला होता. ऑनलाईन मागवलेले स्टेनलेसचे पाईप. उजवा गळत होता, पॅकिंग बदलून झालं होतं, पेस्ट भरून झाली होती. ‘मिस्त्री, हेडच खराब आहे म्हणाले, बदलायला लागेल,’ असं म्हणताना त्याचा चेहरा पडलेला होता. पॅकिंग बघितलं तर वरची बाजू आरशासारखी दाबलेली आणि खालची काळी. फ्लँज काचेवर ठेवला, तो सपाट होता. हेडची बैठकही स्वच्छ. मग पाईपच्या तोंडाची कॉलर (पॅकिंगवर दाबली जाणारी कड) उलटी करून बघितली. कॉलरला मागून टिग वेल्डिंग केलेलं होतं आणि वरच्या अंगाला ते वेल्डिंग दीड मिलिमीटर तरी फुगलेलं. फ्लँज कॉलरवर बसतच नव्हता, तो त्या फुगवट्यावर टेकत होता. नट आवळला की सगळा दाब वरच्या अंगाला जायचा आणि खालचं तोंड उघडंच राहायचं.

ग्राइंडर मारून वेल्डिंग उतरवणं सोपं होतं, पण त्यानं सांधाच कमजोर झाला असता आणि पुढे तिथेच चीर गेली असती. फ्लँज काढून मी उद्यमनगरात लेथवर नेला आणि भोकाच्या आतल्या कडेला २ मिमीचा ४५ अंशांचा चॅम्फर (तिरका उतार) मारून घेतला. फुगवट्याला जागा मिळाली, फ्लँज कॉलरवर चौफेर बसला. हेडला हात लावायची गरज नव्हती. नवा पाईप हातात आला की गाडीला लावायच्या आधीच फ्लँज कॉलरवर दाबून गोल फिरवून बघा. कुठेही डुगडुगायला नको.

बाकीची मापंही तेव्हाच घ्या. फ्लँज जाड काचेच्या तुकड्यावर ठेवून खाली फिलर गेज (मापाच्या पातळ पत्त्या) घाला. ०.१० मिमीची पत्ती आत जात असेल तर फ्लँज वाकलेला आहे. वेल्डिंगच्या उष्णतेनं असं होतं, आणि पातळ फ्लँज नट आवळतानाही दोन टोकांना वाकतो. थोडं असेल तर काचेवर एमरी पेपर पसरून घासून सपाट होतं, जास्त असेल तर सरफेस ग्राइंडिंग करून घ्या. व्हर्नियरनं कॉलरचा बाहेरचा व्यास आणि पोर्टाच्या खाचेचा आतला व्यास मोजा. कॉलर खाचेत सहज जायला हवी. ठोकून जात असेल तर ती पॅकिंगवर बसत नाही, कडेवर अडकते.

पॅकिंग दर वेळी नवं घाला. घडीच्या पत्र्याचं पॅकिंग एकदा दाबलं की त्याचं काम संपलं. भरीव तांब्याची रिंग असेल तर ती लाल होईपर्यंत तापवून थंड केली की पुन्हा मऊ होते, पण दुकानात नवी मिळत असताना हा खटाटोप फक्त आडगावी अडकलात तरच.

टांगा, हलवा, मग आवळा

पाईप नुसता हेडवर बसवून मागचं ब्रॅकेट बघा. ब्रॅकेटचं भोक फ्रेमच्या भोकासमोर आपणहून यायला हवं. ते १० मिमी बाजूला असेल आणि तुम्ही बोल्ट घालून ओढून घेतलंत, तर अख्खा सायलेन्सर पहारीसारखा हेडच्या जॉईंटला उचकटत राहतो. गाडी उभी असतानाच हा ताण आहे, रस्त्यावरचे खड्डे वेगळेच. पॅकिंग एका बाजूनं उघडतं, स्टडवर आडवा जोर येतो, आणि काही महिन्यांत वेल्डिंगला चीर जाते. भोक जुळत नसेल तर ब्रॅकेटचं भोक लांबट करा, वॉशर किंवा स्पेसर घाला, नाहीतर ब्रॅकेट कापून जागेवर नवीन वेल्ड करा. पाईप ओढू नका.

आवळण्याचा क्रम असा. सगळं आधी ढिलं टांगायचं. हेडचे नट बोटानं फिरतील तेवढेच, सायलेन्सरचा क्लॅम्प मोकळा, मागचा बोल्ट नुसता घातलेला. दोन्ही हातांनी पाईप धरून हलवा, तो आपली जागा घेतो. मग हेडचे दोन नट आळीपाळीनं, अर्धा अर्धा फेरा. फ्लँज आणि हेडमधली फट दोन्ही बाजूंना सारखी दिसायला हवी, हे दर फेरीला डोळ्यानं बघा. शेवटचा जोर टॉर्क रेंचनं. ८ मिमीच्या स्टडला तो साधारण २० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच खरा धरा. हेड झाल्यावर क्लॅम्प, आणि मागचा बोल्ट सगळ्यात शेवटी. इंटरसेप्टरला दोन पाईप आणि खालून त्यांना जोडणारा भाग आहे. तिथे दोन्ही पोर्ट बसेपर्यंत मधला जॉईंट आवळायचा नाही. एक बाजू पूर्ण आवळून दुसरीकडे गेलात की दुसरी तिरकीच बसते.

मागच्या माऊंटला रबर का हवं, तेही सांगतो. ३०४ स्टेनलेसचा ६०० मिमी लांबीचा पाईप ४०० अंशांनी तापला तर जवळजवळ ४ मिमी लांब होतो. साधं लोखंड तेवढ्याच उष्णतेला ३ मिमीच्या आसपास राहतं. म्हणजे लोखंडी पाईप काढून स्टेनलेसचा लावलात तर हालचाल वाढली. ती कुठेतरी जायला हवी. मागे रबर काढून सरळ बोल्टानं जखडलं की ती हेडच्या जॉईंटवर येते. पाईपबरोबर आलेल्या सामानात रबर नसेल तर कंपनीचंच रबर परत वापरा.

बेंड पाईप आणि सायलेन्सर एकमेकांत जातात तिथल्या गळतीचं कारण बहुतेक वेळा एकच सापडतं. बाहेरच्या पाईपला क्लॅम्पसाठी चिरा पाडलेल्या असतात, आणि आतला पाईप त्या चिरांच्या पुढेपर्यंत पोचलेला नसतो. मग क्लॅम्प कितीही आवळा, चिरेतून धूर येतोच. आतल्या पाईपवर मार्करनं खूण करून किती आत जातो ते मोजा. चिरेपेक्षा निदान १५ मिमी पुढे गेला पाहिजे असं मी बघतो. या जॉईंटला एक्झॉस्ट पेस्टचा पातळ थर चालतो. हेडच्या तोंडाला मात्र पेस्ट नको, आणि साधं सिलिकॉन तर कुठेच नको. ते तिथल्या उष्णतेला टिकत नाही आणि त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) कायमचा निकामी करते.

स्टड आणि सेन्सर

नट कडक लागला म्हणजे फ्लँज दाबला गेला असं नाही. बाहेरच्या पाईपचा फ्लँज कंपनीच्या फ्लँजपेक्षा पातळ असला की नट स्टडचे आटे संपतात तिथे जाऊन अडतो. हाताला कडक लागतो, फ्लँज मात्र ढिलाच. पाईप हातानं हलवून बघा, थोडाही वाजला तर हेच समजा. जाड वॉशर किंवा छोटी स्लीव्ह घातली की सुटतं. टोपीच्या नटाचंही तेच, स्टडचं टोक आत टेकलं की नट पुढे जात नाही.

गंजलेला नट जोरानं काढू नका. आदल्या रात्री गंज सोडवणारं ऑईल मारून ठेवा, सकाळी परत मारा, आवळायच्या दिशेला जरासा हलवा, मग उलटा. स्टड काढायचा असेल तर दोन नट एकमेकांवर घट्ट बसवून आतल्या नटाला पाना लावा. हेडमधले आटे गेलेच असतील तर हेलिकॉईल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून घ्या, जाड स्टड ठोकून घालायचा सल्ला ऐकू नका. बसवताना स्टडला तांब्याची अँटी-सीझ पेस्ट लावा. स्टेनलेस स्टडवर कोरडा स्टेनलेस नट फिरवला तर दोन्ही एकमेकांत जाम होतात आणि मग कापावेच लागतात.

इंजेक्शनच्या गाड्यांत ऑक्सिजन सेन्सरकडे खास लक्ष द्या. सेन्सरच्या आधी गळती असली तर आत ओढलेली हवा त्याला दिसते. इंजिनला पेट्रोल कमी पडतंय असं समजून ईसीयू (इंजेक्शन सांभाळणारा संगणक) जास्त पेट्रोल सोडतो. ॲव्हरेज घसरतं, प्लग काळा होतो, आणि लोक इंजेक्टर साफ करत बसतात. नव्या पाईपवरचं सेन्सरचं बूच (सेन्सर ज्यात फिरवून बसतो ते आट्यांचं तोंड) जुन्या जागेच्या जवळपास हवं आणि सेन्सर आडव्या रेषेपेक्षा निदान १० अंश वर झुकलेला हवा, नाहीतर थंड पाईपमधलं पाणी त्याच्यावर साचतं. आधी हातानं फिरवून आटे जुळतात का बघा. गाड्यांच्या सेन्सरचे आटे १२ मिमीचेही असतात आणि १८ मिमीचेही. पाईपला बूचच नसेल, तर तो पाईप तुमच्या गाडीसाठी नाही.

लागणं-घासणं पटकन बघून घ्या: ब्रेक पेडल पूर्ण दाबून, फ्रंट फोर्क पूर्ण खाली घेऊन, हँडल दोन्हीकडे वळवून. ऑईलचा ड्रेन बोल्ट आणि फिल्टर पाईप न उतरवता निघायला हवा. इंटरसेप्टरचा कंपनीचा पाईप दोन थरांचा आहे, बाहेरचे बहुतेक एकाच थराचे. म्हणून ते लवकर निळे पडतात आणि पायाला जास्त भाजतात. तो दोष नाही, पण ब्रेकची नळी आणि वायरिंग लांब बांधून घ्या.

पहिल्यांदा चालू करायच्या आधी पूर्ण पाईप थिनरनं पुसा, थिनर उडून जाऊ द्या, आणि नंतर बोट लावू नका. तेलकट बोटांचे ठसे तापल्यावर स्टेनलेसवर कायमचे बसतात. पाच-दहा मिनिटं आयडलिंग, मग गाडी पूर्ण थंड. हेडचे नट परत टॉर्कवर तपासा, ते थोडेसे फिरतीलच, कारण पॅकिंग बसलेलं असतं. गरम असताना पाना लावू नका. मी नंतर पन्हाळ्याच्या चढावर एक फेरी मारून आणतो, चढावर पाईप खरा तापतो. परत थंड करून तपासायचं, आणि शंभरेक किलोमीटरनंतर एकदा. तिसऱ्यांदाही नट फिरत असेल तर आवळत राहू नका, पाईप उतरवून पॅकिंग बघा.

एक गोष्ट पाईप विकत घ्यायच्या आधी विचारात घ्या. बीएस-सहाच्या (धुराच्या सरकारी निकषाच्या) बऱ्याच गाड्यांत धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बेंड पाईपमध्ये किंवा त्याला लागूनच असतो. तो काढला की गाडी धूर जास्त सोडते आणि पीयूसीला अडकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाज आणि धुराच्या नियमभंगाला २०१९च्या दुरुस्तीनंतर १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, आणि लायसन्सही तीन महिने जातं. गल्लीत लहान बाळं आणि म्हातारी माणसं झोपलेली असतात. बॅफल (आवाज दाबणारा आतला भाग) काढलेला सायलेन्सर मी लावून देत नाही.

पाईप परत करायचा ठरवलात तर गाडीला लावायच्या आधीच फोटो काढा: काचेवरचा फ्लँज आणि खाली गेलेली फिलर गेजची पत्ती, कॉलरमागचं वेल्डिंग, ब्रॅकेटच्या भोकाशेजारी धरलेली पट्टी. एकदा तापून निळा पडलेला पाईप सहसा कुणी परत घेत नाही.